चाकं बदलताय? आधी टेप काढा: टायरची साइज, स्टिअरिंग आणि स्पीडोमीटरचा हिशोब

आमचं घर लेथवर चाललेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं छोटं मशीन शॉप आहे आणि जॉबमध्ये अर्ध्या सुताचा फरक पडला तर अख्खा लॉट परत येतो, हे मी शाळेत असल्यापासून बघत आलोय. तरीही जुन्या स्विफ्टला मोठी चाकं घालताना मी एकदाही टेप हातात घेतली नाही. दुकानदार म्हणाला, "बसतंय की! कशाला काळजी करतायसा?" आणि खरंच बसलं. चारही मॅगव्हील (ॲलॉयची चाकं) चढली, रंकाळ्यावर फोटो काढले, दोस्तांनी "नाद खुळा" म्हणून घेतलं.

तिथंच यू-टर्न मारताना पुढच्या चाकातून पहिल्यांदा घर्रर्र आवाज आला. मग खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग हाताला हिसके द्यायला लागलं. महामार्गावर ९० च्या पुढं थरथर सुरू झाली. सगळ्यात शेवटी कळलं की स्पीडोमीटरचा काटा ८० वर असताना गाडी ८१ नं पळतेय. एक किलोमीटरनं काय होतंय, असं वाटेल. त्यात काय गोम आहे ते पुढं सांगतो.

पहिल्यांदाच टायर किंवा रिमची साइज बदलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजणी, मग दुकान. मी उलटं केलं आणि पैसे दोनदा मोजले.

जवळ काय काय हवं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल
- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो (हवेचा दाब त्यावर असतो, बऱ्याच गाड्यांत टायरची साइजही असते)
- आरसी आणि विमा पॉलिसी
- मेजर टेप, खडू, मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर
- जीपीएसवरून वेग दाखवणारं ॲप
- हवा मोजायचा स्वतःचा गेज. पंपावरच्या गेजवर विसंबू नका
- शेजारच्या सीटवर बसून आकडे वाचणारा एक माणूस. गाडी चालवत मोबाईल बघायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

१. टायरवरचे आकडे वाचायला शिका

उदाहरणाला घेऊ १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. इथं निम्मे लोक फसतात. ६५ चा टायर सगळीकडं सारख्याच उंचीचा असतो असं समजतात, पण रुंदी वाढली की तेच ६५ टक्के जास्त उंच होतात. आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

शेवटचे ८८ आणि एच दुकानात कुणी सांगत नाही, तुम्हीच विचारा. ८८ हा लोड इंडेक्स: एका टायरला ५६० किलो भार झेपतो. ८४ असेल तर ५०० किलो, ९१ असेल तर ६१५. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. कंपनीनं दिलेल्यापेक्षा खालचा लोड इंडेक्स घेऊ नका, टायर कितीही रुंद आणि देखणा असला तरी.

टायरच्या भिंतीवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडेही बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. 'नवाकोरा' म्हणून दिलेला टायर कधीकधी गोडाऊनमध्ये तीन पावसाळे काढून आलेला असतो.

२. टायरची एकूण उंची काढा

स्पीडोमीटरला रिम १४ इंची आहे की १६ इंची याच्याशी काही देणंघेणं नाही. चाक किती वेळा फिरलं एवढंच त्याला कळतं. जुन्या गाड्यांत ती मोजणी गिअरबॉक्सपाशी होते, नव्यांत बहुतेक वेळा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून. एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते, हे कंपनीनं मूळ टायरवरून आधीच ठरवून ठेवलेलं असतं. टायर उंच झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो.

सूत्र सोपं आहे: रिमचे इंच × २५.४, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवा, कारण ती वरही असते आणि खालीही.

माझी मूळ साइज १६५/८० आर१४. रिम १४ × २५.४ = ३५५.६ मिमी. साइडवॉल १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२, दोनदा धरून २६४. एकूण ६१९.६ मिमी.

आता स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला येणारी साइज बघा, १८५/६५ आर१५: ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिमी. रिम एक इंचानं मोठी, टायर २० मिमीनं रुंद, आणि एकूण उंचीत फरक दोन मिलिमीटरचासुद्धा नाही. बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६ येतो, तो ६२०.९. कंपनीचे इंजिनिअर रिम वाढवतात तेव्हा साइडवॉल कमी करतात आणि बाहेरची उंची तीच ठेवतात.

आणि मी काय घातलं? २०५/६५ आर१५. ३८१ + २६६.५ = ६४७.५ मिमी. म्हणजे साडेचार टक्के जास्त. '६५ चाच आहे की' म्हणून मी निर्धास्त होतो.

माझा स्वतःचा नियम: फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर पुढं बोलू, तीन टक्क्यांच्या वर गेला तर दुकानातून बाहेर.

प्रत्यक्ष खात्री करायची असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, गाडी सरळ ढकलून एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि अंतर मोजा. ते गणितापेक्षा थोडं कमीच भरेल, कारण गाडीच्या वजनानं टायर खाली दबतो. घाबरू नका. जुन्या आणि नव्या चाकाची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीनं मोजलं म्हणजे झालं.

३. जुनी चाकं असतानाच काट्याची परीक्षा घ्या

ही पायरी सगळे गाळतात. मोठी चाकं घातल्यावर काटा तपासायला गेलात तर तो आधी किती चुकत होता हे कळायला मार्गच उरत नाही.

काटा मुळात थोडा फुगवूनच दाखवतो. संयुक्त राष्ट्रांचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, क्रमांक ३९, त्यात म्हटलंय की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच नसावा, आणि जास्त असला तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढाच. म्हणजे गाडी खरोखर ८० नं जात असेल तर काटा ८० ते ९२ च्या दरम्यान कुठंही चालतो, ७९ मात्र चालत नाही.

सकाळी लवकर महामार्गाला लागा. कागलच्या बाजूला किंवा शिरोलीच्या पुढं, जिथं डायव्हर्शन नाही असा सपाट, सरळ पट्टा निवडा. काटा ६० वर स्थिर धरा, शेजारच्यानं जीपीएसचा आकडा लिहून घ्यावा. मग ८०. वेग स्थिर होऊन पाच-दहा सेकंद जाऊ द्या, जीपीएस थोडं मागून येतं. जीपीएसवर विश्वास नसेल तर किलोमीटरचे दगड आहेतच: ६० च्या वेगानं एक किलोमीटरला ६० सेकंद लागतात, ८० नं ४५.

माझ्या गाडीचा काटा ८० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ७६ यायचे. हे मी नशिबानं एका प्रवासात सहज बघून ठेवलं होतं.

नवीन चाकांनी काय होईल त्याचा हिशोब असा: आधीचा खरा वेग × नवी उंची ÷ जुनी उंची. ७६ × ६४७.५ ÷ ६१९.६ = ७९.४. म्हणजे मोठ्या टायरनं माझा काटा उलट जास्त खरा व्हायला हवा होता! दुकानदारानं हे ऐकलं असतं तर पेढे मागितले असते.

पण प्रत्यक्षात आले ८१. डोकं खाजवलं, पुन्हा मोजलं, तेच. उत्तर अखेर अंगणात पडलेल्या जुन्या टायरांत सापडलं. ते पार गोटा झाले होते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. माझी दोनवर आली होती. म्हणजे त्रिज्या ६ मिमीनं आणि व्यास १२ मिमीनं घटला होता. ७६ हा आकडा ६१९.६ चा नव्हताच, तो ६०७.६ चा होता. ७६ × ६४७.५ ÷ ६०७.६ करून बघा, बरोबर ८१ येतात. काटा आता खऱ्यापेक्षा कमी दाखवत होता. वेगाच्या कॅमेऱ्यासमोर "काटा तर ऐंशीवर होता साहेब" म्हणून चालत नाही.

म्हणून परीक्षा घेताना टायर किती झिजलेत तेही लिहून ठेवा. नक्षीच्या खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला नक्षी आली की १.६ मिमी उरली. कायद्यानंही तिथं टायरचं आयुष्य संपलं.

४. ओडोमीटर आणि ॲव्हरेज

काटा फुगवून दाखवतो तसा ओडोमीटर (गाडी एकूण किती किलोमीटर पळाली ते मोजणारा) सहसा फुगवत नाही, तो बराच खरा असतो. त्यामुळं मोठ्या टायरचा फटका त्याला थेट बसतो. साडेचार टक्के उंच टायरवर ट्रिप मीटरनं ५०० दाखवले तेव्हा गाडी सुमारे ५२२ किलोमीटर पळालेली असते. ३० लिटर पेट्रोल गेलं असेल तर मीटरप्रमाणे ॲव्हरेज १६.७ आणि खरं १७.४. रुंद टायरनं ॲव्हरेज पडतंच, पण दिसतं तेवढं पडलेलं नसतं. ऑइल बदलताना मात्र ध्यानात ठेवा, मीटरवर १०,००० होतात तेव्हा इंजिन १०,४५० ओढून बसलेलं असतं.

५. स्टिअरिंगचं दुखणं रिममध्ये असतं

काट्याचा सगळा हिशोब उंचीवर. स्टिअरिंगचं तसं नाही, तिथं रिमची रुंदी आणि ऑफसेट बघावा लागतो. ऑफसेट म्हणजे रिमची बरोबर मधली रेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू यांतलं अंतर. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी ४५' असं कोरलेलं असतं. हा आकडा कमी झाला की चाक तेवढंच बाहेर सरकतं.

समजा मूळ रिम ५ इंच रुंद, ईटी ४५. नवी ६.५ इंच रुंद, ईटी ३५. रुंदी दीड इंचानं वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी १९ मिमी. वर ऑफसेटमुळं १० मिमी बाहेर. बाहेरची कड एकूण २९ मिमी बाहेर आली, आतली कड ९ मिमी आत गेली. दुकानात हे आकडे कुणी मांडून दाखवत नाही, सगळे चाकाकडं बाजूनं बघतात आणि "भारी दिसतंय" म्हणतात.

चाक वळतं ते एका तिरक्या अक्षाभोवती. तो अक्ष खाली रस्त्याला जिथं मिळेल तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य, यांतल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. कंपनीनं ते विचार करून ठेवलेलं असतं. चाक बाहेर सरकलं की हे अंतर बदलतं. एका चाकाला खड्डा लागला की रस्ता त्या अंतराचा पाना करून स्टिअरिंग पिळतो. हिसके येतात ते असे. एका बाजूच्या चाकाखाली माती आणि दुसऱ्याखाली डांबर असताना ब्रेक मारला, तर गाडी ओढते तीसुद्धा यामुळंच. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळा.

टायरच्या रुंदीनं आणखी एक गंमत होते. गळीत हंगामात आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला ज्या चाकोऱ्या पडतात, त्यांत रुंद टायर शिरला की गाडी स्वतःच्या मनानं डावी-उजवी जायला बघते. अरुंद टायरला हे एवढं जाणवत नाही. जाग्यावर स्टिअरिंग वळवायलाही जोर जास्त लागतो. पॉवर स्टिअरिंग असल्यानं तो हाताला कमी कळतो, पण मोटर तेवढी जास्त राबते.

साइडवॉल कमी केली की मात्र स्टिअरिंग चटपटीत होतं, हे कबूल करायला हवं. १९५/५५ ची साइडवॉल १०७ मिमी, माझ्या मूळ टायरची १३२. कमी उंचीची भिंत कमी लवते आणि गाडी हाताबरोबर वळते. त्याची किंमत पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत रिम वाकवून मोजावी लागते. ग्रामीण रस्त्यावर रोजचं येणंजाणं असेल तर मी तरी १६ इंच घेणार नाही.

६. चाक चढवण्याआधी या चार गोष्टी जुळवा

पीसीडी: नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्टला ४ × १००, म्हणजे चार नट, १०० मिमीचं वर्तुळ. "थोडं ताणून बसवतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

मधलं भोक: माझ्या थरथरीचं कारण हेच निघालं. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी. बाजारातल्या मॅगव्हीलची भोकं एकच रिम पुष्कळ गाड्यांना चालावी म्हणून मोठी ठेवतात, माझ्या रिमचं ६७.१ होतं. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते आणि ती कुणी दिलीच नव्हती. चाक नुसत्या नटांवर बसलं होतं, केंद्रातून किंचित हललेलं. तीनदा बॅलन्सिंग करून वजनं लावली तरी फरक पडेना. शेवटी वडिलांनी व्हर्नियर घेतला, दोन मापं घेतली आणि एक शब्द न बोलता चार रिंगा लेथवर काढून हातात दिल्या. थरथर त्याच दिवशी गेली. त्यांचं ते न बोलणं अजून आठवतं.

नट: स्टीलच्या रिमचे नट मॅगव्हीलला चालतीलच असं नाही, नटाची बसायची बाजू रिमच्या खाचेशी जुळायला हवी. आवळताना चांदणीसारखं, समोरासमोरचे, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. ८०-१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा.

चारही चाकं एकाच साइजची: पुढं एक, मागं एक केलं तर एबीएसला चाकांचे वेग वेगवेगळे दिसतात आणि तो गोंधळतो.

७. दुकानातून बाहेर पडायच्या आधी

पैसे देण्याआधी हे करून बघा. पुढचं एकच चाक बसवून स्टिअरिंग डावीकडं आणि उजवीकडं शेवटपर्यंत वळवा. टायर आणि आतलं प्लॅस्टिक लायनर यांच्यामध्ये बोट जातंय का पाहा. माझा टायर १४ मिमी जास्त त्रिज्येचा होता, तो लायनरला घासणारच होता. मग मागच्या सीटवर तीन माणसं बसवून पुन्हा बघा. रिकाम्या गाडीत जागा दिसते आणि लग्नाला निघाल्यावर घासायला लागतं. "लायनर थोडं कापूया" हा सल्ला आला तर चाक उतरवायला सांगा.

अलाइनमेंट नंतर करायचीच, आणि छापील रिपोर्ट मागून घ्यायचा. स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी सरळ गेली पाहिजे. हवा स्टिकरवरच्या आकड्याएवढी, टायर थंड असताना. हवा कमी असली तरीही स्टिअरिंग जड लागतं आणि दोष बिचाऱ्या चाकांवर जातो.

मग पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबीळपर्यंत जाऊन या. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जिथं आधी गाडी आरामात ओढायची तिथं आता दुसरा टाकावा लागत असेल, तर तो उंच टायरचा परिणाम. उंच टायर म्हणजे सगळे गिअर थोडे लांब केल्यासारखंच. गगनबावड्याच्या घाटात पहिली परीक्षा घेऊ नका.

८. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळं सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते ती, त्याच रिम-मापासकट. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मॅगव्हीलचं बिल जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतरून घातलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं असतील, तर ताराराणी चौकात तुम्हाला बाजूला घेणाऱ्या पोलिसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

९. स्टेपनी

ही शेवटी आठवते, तीही पंक्चर झाल्यावर. चार चाकं बदलली तरी डिकीत जुनी स्टेपनीच पडलेली असते. माझी ६१९.६ ची आणि बाकीची ६४७.५ ची, म्हणजे पुढं लावली असती तर गाडी सरळ रस्त्यावरही सतत एका बाजूला गेली असती आणि दोन्ही चाकांच्या फेऱ्यांतला फरक डिफरन्शियलनं (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांनी) पूर्ण रस्ता झेलला असता. उंची जुळत असेल तर जुनी स्टेपनी खुशाल ठेवा, पण तिचे जुने नटही सोबत ठेवा. माझ्या मॅगव्हीलचे नट स्टीलच्या रिमला बसत नाहीत, हे मला रात्री साडेदहाला, कावळा नाक्याच्या अलीकडं, टॉर्च तोंडात धरून कळलं.

आता गाडीला १८५/६५ आर१५ आहेत. काटा ८० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ७८ येतात. जुनी मॅगव्हील शॉपच्या माळ्यावर पडून आहेत, कुणाला हवी असली तरी आधी त्याच्या गाडीचं माप विचारतो.